खोट सांगून विकलेला माल

निपाणीच्या बाजारपेठेत स्टो, कंदील, कुकर, इस्त्र्या आणि पंखे विकणारं एक दुकान होतं. तिथे गेलेला माणूस वस्तू घेऊनच बाहेर पडेल याची खात्री खुद्द दुकानदाराला नसायची, आणि त्याचं त्याला काही वाटायचंही नाही. सगळं गाव त्याला अण्णा म्हणायचं. मीही म्हणायचो. दुकानाच्या माडीवरच्या खोलीत मी त्यांचा भाडेकरू होतो आणि खोली सोडून कितीतरी वर्षं झाली तरी संध्याकाळी त्यांच्या बाकावर जाऊन बसायची माझी सवय सुटली नव्हती.

अण्णांची पद्धत अशी. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बाकावर बसवायचं. पाणी द्यायचं. घरात माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, लाइट किती वेळ असते, हे विचारून घ्यायचं. मग वस्तू समोर ठेवायची आणि तिची खोट सांगायची. गुण सांगायचे नाहीत. "गुण डब्यावर छापल्यात, तुमचं तुमी वाचा," म्हणायचे. खोट सांगून झाली की हाताची घडी घालून उभे राहायचे आणि विचारायचे, "काय सांगितलो मी? म्हणून दावा."

आणि गिऱ्हाइकाला ती खरोखरच म्हणून दाखवावी लागे. इस्त्रीची वायर मुठीजवळ दमते, ओढू नये. पंखा तिसऱ्या नंबरावर आवाज करतो. थर्मासमधला चहा दुपारपर्यंतच गरम राहतो, कंपनी काही का म्हणेना. नीट म्हटलं तरच पैसे घ्यायचे. कुणी "असू द्या हो अण्णा, द्या बांधून" म्हटलं की वस्तू परत फळीवर. लग्नाला आहेर घ्यायला घाईघाईने आलेली माणसं चिडून समोरच्या दुकानात जात. समोरच्याचा निम्मा धंदा त्यावरच चालला होता असं आक्का म्हणायच्या.

आक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. अण्णा जेवायला आत गेले की त्या गल्ल्यावर येऊन बसत आणि तेवढ्या वेळात दिवसभराचा धंदा उरकून टाकत. "ह्यांनी जेवल्यावर जरा पडावं, असं मी देवाला रोज सांगती," हे त्या मला अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने सांगायच्या. अण्णांना ऐकू जायचं. मग ते हात पुसत बाहेर यायचे, नुकतंच कोण काय घेऊन गेलं ते विचारायचे, आणि त्या माणसाला पार वेशीपाशी गाठून, भर रस्त्यात त्याच्याकडून खोट म्हणवून घेऊन परत यायचे.

मला खोली दिली तीही अशीच. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावजवळच्या मच्छे गावचा. वडील तिथल्या एका फौंड्रीत भट्टीवर होते, आई लोकांच्या शेतात जायची. मी शिकलो आणि निपाणीच्या कॉलेजात व्यापारी कायदा शिकवायला आलो. आमचं घर बौद्ध. खोली बघायला गेलो की गाव विचारायचे, आडनाव विचारायचे, आणि मग खोली 'कालच दिली' असायची. निपाणीत कालच दिलेल्या खोल्या इतक्या होत्या की गावात भाडेकरू मावायला नको होते.

अण्णांनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि खोलीची खोट सांगायला घेतली. पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते. नळाला पाणी पहाटेच येतं. खालून रॉकेलचा वास येतो. आणि मग त्याच आवाजात, जरासुद्धा न अडखळता म्हणाले, "आमची आई हाय. जुनी हाय. शिवाशिव पाळती. तुमाला बोलंल, तुमचं भांडं बाजूला सारंल. मी लई सांगून बघितलो, ती ऐकत न्हाय. काय सांगितलो मी? म्हणून दावा, सर."

मी म्हणून दाखवलं. भिंत ओल धरते, पाणी पहाटे येतं, रॉकेलचा वास येतो, आई बोलतील. अण्णांनी मान हलवली आणि किल्ली दिली. त्या दिवशी हा माणूस मला फार मोठा वाटला. बाकीचे गोड खोटं बोलून दार लावून घेत होते, आणि यांनी कडू खरं बोलून का होईना, दार उघडलं होतं. म्हातारीनेही मुलाचा शब्द पडू दिला नाही. मी जिन्यावरून गेलो की ती मागून पाणी टाकायची. मला ते लागायचं, खूप लागायचं, पण मी कधी अण्णांकडे तक्रार केली नाही. कुठल्या तोंडाने करणार? सांगितलेलंच होतं.

अण्णांचा हा हट्ट दुकानापुरता असता तर आक्कांनी सोसला असता. त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला बोरगावची माणसं आली. पोहे झाले, चहा झाला, आणि अण्णांनी घसा खाकरला. आक्कांना पुढचं कळलं आणि त्या कपबश्या घेऊन आत पळाल्या. "पोरगी हुशार हाय का सुंदर हाय ते तुमी बघितलासाच," अण्णा म्हणाले. "खोट सांगतो. राग लई. आनि सकाळी उठत न्हाय. म्हणून दावा." मुलाचे वडील गांगरून इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात आतून मुलगी तरातरा बाहेर आली. "मी काय स्टो हाय व्हय अण्णा?" ती म्हणाली, "आनि माझी सांगितलासा, तर ह्यांच्या पोराची कोण सांगणार?" मग मुलगाच हसायला लागला आणि त्याने स्वतःची खोट स्वतःच सांगितली. सिगारेट ओढतो म्हणाला. त्याच्या वडिलांना ते तोपर्यंत ठाऊक नव्हतं. लग्न झालं आणि संसारही चांगला झाला, पण त्या दिवशी मुलगी बापाशी जी अबोला धरून बसली ती हळदीपर्यंत बोलली नाही.

कंपन्यांचे एजंट अण्णांना वचकून असायचे. एकदा हुबळीहून कुकरच्या कंपनीचा एक तरुण आला. गळ्यात टाय, हातात रंगीत पोस्टर. पोस्टरवर लिहिलेलं, 'आजन्म गॅरंटी.' अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"कुणाचा जन्म?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय, अण्णा?"

"गिऱ्हाइकाचा, कुकरचा, का तुमच्या कंपनीचा? तिघं काय एकदम मरत न्हाईत."

तो हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्याला बाकावर बसवून पाणी दिलं आणि गॅरंटीच्या कागदावरचा बारीक मजकूर मोठ्याने वाचायला लावला. शिट्टी गॅरंटीत नाही, रबर नाही, मूठ नाही. वाचता वाचता त्या पोराला घाम फुटला. शेवटी अण्णांनी पोस्टर गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "झाकण आजन्म, बाकी सगळं नशिबावर, असं छापून आणा. मग लावतो," म्हणाले.

सीमेवरच्या गावाला आणखी एक दुखणं असतं. कोल्हापुरात घेतलेला कुकर निपाणीत बिघडला तर इथला एजंट हात वर करायचा. तुमची गॅरंटी महाराष्ट्रातली, आमचं ऑफिस बेंगळूरचं. असे कुकर घेऊन बायका अण्णांकडे यायच्या. वस्तू त्यांच्या दुकानातली नसायची, तरी ते दुरुस्त करून द्यायचे. "सीमेवरचा कोगनोळीचा नाका माणसाला. भाताला कुठला नाका?" म्हणायचे. अशा वेळी त्यांचा मला अभिमान वाटायचा. दिवाळीत समोरचा दुकानदार किमती वाढवून, मग त्यावर लाल काट मारून 'महासेल' लावायचा आणि लोकांची झुंबड उडायची. अण्णा इकडे रिकाम्या दुकानात बसून ती गर्दी बघत राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावर हेवा नसायचा. खरं सांगायचं तर थोडा तोरा असायचा.

ग्राहकांसाठी नवा कायदा झाला तेव्हा तो तोरा वाढला. पेपरात बातमी आली, ती घेऊन अण्णा सकाळीच माझ्या घरी. व्यापाऱ्याने मालाबद्दल खोटी जाहिरात करू नये, खोटी सूट दाखवू नये, दोष लपवू नये, लपवला तर गिऱ्हाइकाला दाद मागता येईल. मी समजावून सांगत होतो आणि अण्णा प्रत्येक वाक्याला मांडीवर थाप मारत होते. "सरकारला आत्ता सुचलं. मी कवापासनं करतोय!" जिल्ह्याला ग्राहकांचा मंच सुरू होणार अशी पत्रकं कानडी आणि मराठीत निघाली, तेव्हा निपाणीच्या बाजारात पहिलं पत्रक अण्णांच्या दुकानात लागलं. समोरच्याकडेही एक नेऊन दिलं त्यांनी. त्याने त्यात खिळे बांधून ठेवले.

मी वर्गात या कायद्याचं प्रकरण शिकवायचो तेव्हा अण्णांचं उदाहरण द्यायचो. मुलं हसायची, 'म्हणून दावा' म्हणायची. जुना नियम असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, आपला माल आपण पारखून घ्यावा. नवा कायदा विकणाऱ्यावर जबाबदारी टाकतो. अण्णा या दोन्हींच्या पुढे गेलेत, असं मी ठासून सांगायचो. ते पुढे गेलेत की कुठे अडकलेत, हे मला स्वतःलाच तेव्हा दिसलं नव्हतं.

अण्णांकडे दोन तऱ्हेचे स्टो असायचे. एक छाप असलेले, चांगल्या कंपनीचे, महाग. दुसरे कुठल्याशा वर्कशॉपातून आलेले, छापाबिपाचं नाव नाही, पण निम्म्याहून कमी किमतीचे. या स्टोच्या टाकीचा जोड कच्चा होता. अण्णांना ते ठाऊक होतं आणि ते सांगायचे. "टाकी अर्ध्याच्या वर भरायची न्हाय. पंप जास्त मारायचा न्हाय. न्हाय तर जोड सुटंल." असला माल ठेवताच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "गरिबानं चहा कशावर करायचा, सर? चांगला स्टो त्येला परवडत न्हाय. मी काय लपवून इकत न्हाय," ते म्हणाले. मला ते पटलं होतं.

सुंद्राबाई मूळची सदलग्याची. नवरा गेल्यावर पोरीला घेऊन निपाणीत आली आणि तंबाखूच्या वखारीच्या फाटकाशी चहा-भज्यांचा गाडा टाकून राहिली. काटक, तोंडाळ, हसतमुख बाई. ती स्टो घ्यायला आली त्या संध्याकाळी मी बाकावरच होतो, आणखी दोघेचौघे होते. तिने महागडा स्टो हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि खाली ठेवला. मग दुसरा उचलला. अण्णांनी खोट सांगितली. "म्हणून दावा." सुंद्राबाई पदर खोचून उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीसारखी हात जोडून, ताल धरून म्हणाली, "टाकी अर्ध्याच्या वर भरायची न्हाय, पंप जास्त मारायचा न्हाय, न्हाय तर जोड सुटंल, सुंद्री मरंल." सगळे हसलो. अण्णाही हसले. स्टो बांधून दिला.

जोड सुटला तो ऐन दुपारी, वखार सुटायच्या वेळेला. सुंद्राबाई वाचली, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यातून उठायला खूप दिवस गेले आणि उठली तेव्हा बोटं आत वळलेली होती. त्या हाताने भज्यांचं पीठ कालवता येत नव्हतं की भाकरी थापता येत नव्हती. गाडा बंद पडला. आक्का तिला रोज डबा नेऊन देत होत्या. अण्णाही पहिल्याच दिवशी गेले होते. आक्का मला नंतर सांगत होत्या, "दारात उभं ऱ्हायले, तिच्याकडं बघितले आनि म्हणाले, तुला सांगितलो हुतो की गं. सर, ती एक शबुद बोलली न्हाय. भिंतीकडं तोंड केलं."

वखारीतल्या बायका गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तिला बेळगावच्या एका वकिलाकडे नेलं आणि नव्या मंचात तक्रार दाखल झाली. वर्कशॉपला नोटीस गेली तर तिथे कुलूप होतं, मालक गाव सोडून गेला होता. राहिले एकटे अण्णा. ज्यांनी पत्रक लावलं त्यांच्यावरच केस झाली, म्हणून बाजार गालात हसत होता.

अण्णांचा भाचा बेळगावात वकील होता. हुशार पोरगा. कागद वाचून तो खुशीतच आला. "मामा, केस आपलीच. तुम्ही दोष लपवला नाही, सांगितला. नुसता सांगितला नाही, तिच्या तोंडून वदवून घेतला. साक्षीदार बाकावर बसलेले. तेही कायदा शिकवणारे प्राध्यापक!" म्हणजे मी. हरलात तर दुकान विकायला लागेल, हेही त्याने सांगितलं, आणि ते खरं होतं. अण्णांकडे दुकानाशिवाय काही नव्हतं. धाकटा मुलगा अजून शिकत होता.

साक्षीला मी नाही म्हणू शकत नव्हतो. विचारलं तर खरं तेच सांगणार होतो. तरी त्या खऱ्याचा मला त्रास होऊ लागला. तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो. आक्का आत होत्या, गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा मला म्हणाले, "सर, मी रात्रंदिवस इचार करतोय. माझी चूक कुठं हाय? समोरचा फसवून इकतो, त्येचं काय वाकडं झालं न्हाय. मी सांगून इकलो."

मला तेव्हा काय झालं कोण जाणे, इतकी वर्षं न बोललेलं तोंडातून निघालं. "अण्णा, खोली देताना तुम्ही मला आईंची खोट सांगितली होती."

"व्हय. सांगितलो हुतो."

"मी म्हणूनही दाखवली. पण त्या जिन्यावर पाणी टाकायच्या तेव्हा मला लागायचं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून कमी लागायचं असं काही झालं नाही. उलट सांगितलेलं म्हणून मला बोलता येत नव्हतं. आणि खोली मी का घेतली? मला गावात दुसरी कुणी देत नव्हतं म्हणून."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांची आई जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. "तुमी कवा बोलला न्हाईसा," एवढंच ते म्हणाले. मग उठून आत गेले. मी थोडा वेळ थांबलो. ते बाहेर आले नाहीत, म्हणून घरी आलो. म्हाताऱ्या माणसाला ऐन वेळी दुखावलं असं वाटून माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेळगावात मंचापुढे माझी साक्ष झाली. तिने खोट म्हणून दाखवली का? होय. स्वच्छ, समजून? होय. भाच्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. सुंद्राबाई समोरच्या खुर्चीवर हात पदराखाली घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग अध्यक्षांनी अण्णांना कानडीत विचारलं, दोष तुम्ही सांगितला होता ना?

अण्णांनी "हौदु" म्हणून होकार दिला. पुढचं ते मराठीतच बोलले आणि अध्यक्षांनी अडवलं नाही. "सर म्हणाले ते खरं हाय, साहेब. मी सांगितलो आनि तिनं म्हणून दावलं. पर ही बाई स्टो कशाला नेती ते मला ठाऊक हुतं. वखार सुटली की भज्याला गर्दी उसळती. अर्ध्या टाकीवर, कमी हवेवर ती गर्दी भागत न्हाय. हे स्टो इकणाऱ्याला कळंना व्हय? ती टाकी भरणार, पंप मारणार, हे मला ठाऊक हुतं. तरी 'म्हणून दावा' म्हटलो आनि मोकळा झालो. असला माल मी दुकानात ठेवायलाच नको हुता. एवढंच."

भाचा कागद गोळा करायला लागला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

निकाल पुढे काही आठवड्यांनी लागला, अण्णांच्या विरुद्ध. भरपाई द्यायला त्यांना अर्धं दुकान विकावं लागलं, आणि ते घेतलं समोरच्यानेच. आक्का महिनाभर त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या. उरलेल्या अर्ध्या दुकानात अण्णा मोजकाच माल ठेवायचे, जो स्वतःच्या स्वयंपाकघरात ठेवतील तेवढाच. 'म्हणून दावा' हे त्यांनी सोडून दिलं. लोक सवयीने बाकावर बसायचे, वाट बघायचे, आणि जरा हिरमुसून वस्तू घेऊन जायचे. वर्कशॉपचे शिल्लक स्टो त्यांनी हातोडीने चेपून भंगारात घातले. विकलेले परत आणायला सायकलवरून बोरगाव, सदलगा, कुठे कुठे हिंडले. बदल्यात छापाचा स्टो देत होते, तरी काही बायका जुना सोडायला तयार नव्हत्या. "आमाला ठाऊक हाय की अण्णा, टाकी अर्ध्याच्या वर भरायची न्हाय," असं त्या मोठ्या फुशारकीने म्हणून दाखवायच्या. अण्णा उंबऱ्यात उभे राहून ते ऐकायचे. त्यांच्या वाटणीला आलेली खरी शिक्षा ती होती असं मला वाटतं.

मला मात्र ते आठवतात ते त्या तारखेच्या दिवशी परतीच्या बसमध्ये. निपाणीची बस उभी होती. आम्ही चढलो तर खिडकीशी सुंद्राबाई. दोन्ही पक्षांना घरी न्यायला एकच बस होती. तिच्या शेजारची जागा मोकळी होती, बाकी गाडी भरलेली. अण्णा दांडी धरून उभे राहिले. गाडी सुटली, गावाबाहेर पडली, तरी उभेच.

"बसा की," सुंद्राबाई म्हणाली. "घाटापतोर उभं ऱ्हाणार व्हय?"

अण्णा बसले. मी मागच्या बाकाला टेकून उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मग ती बाहेर बघतच बोलायला लागली.

"तुमी तिथं बोललासा ते खरं. पर मी बी येडी न्हवते. मला तवाच सगळं कळलं हुतं. मला वाटलं, माणूस एवढं सांगून देतोय, म्हणजे सरळ हाय. माल बी लई वाईट नसणार. दुसऱ्याच्या दुकानात असता तर मी असला स्टो हातात घेतला नसता. तुमचं दुकान म्हणून घेतला."

अण्णांनी मान खाली घातली.

"तुमी नुसतं 'तुला देत न्हाय जा' म्हटला असता, तर मी पेठंत उभी ऱ्हाऊन तुमाला शिव्या घातल्या असत्या. गरिबाला इकत न्हाय म्हणून गावभर केलं असतं. पर हात ऱ्हायला असता माझा."

"मग आता घाल," अण्णा म्हणाले.

तिने वळून त्यांच्याकडे बघितलं. थट्टा करतायत की काय, हे ती पारखत असावी. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग सुंद्राबाईने सुरुवात केली. आधी हळू, मग तिचा नेहमीचा आवाज लागला, वखारीच्या फाटकाशी लागायचा तो. दवाखान्याच्या दारातून बोललेलं वाक्य काढलं, पोरीची शाळा सुटली ते काढलं, स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नाही ते काढलं. सगळी बस मागे वळून बघत होती. कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबला. हत्तरगी गेली, संकेश्वर गेलं. अण्णा मांडीवर हात ठेवून एकेक शब्द ऐकत होते आणि मध्ये एकदाही 'पण' म्हणाले नाहीत.

निपाणी आली. ती उठली तेव्हा तिची पिशवी त्यांनी उचलली. तिने उचलू दिली, बोलणं मात्र थांबवलं नाही, आणि ती पुढे बोलत, ते मागे पिशवी घेऊन ऐकत, दोघं तिच्या घराकडे चालायला लागले.